भिकाजीपायी सोडलेलं

पालखी दुपार कलल्यावर वाडीत येणार, असा निरोप आला तेव्हा सगुणाबाई पुरण घोटत होत्या. त्यांनी उलथनं कढईतच ठेवलं, पदराला हात पुसले आणि मनातल्या मनात गाऱ्हाणं पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. गेल्या दोन शिमग्यांना गुरवानं ते घातलं होतं, पण त्यांच्या मते नीट घातलं नव्हतं. "ह्या लेकराला व्यसनातून सोडव म्हाराजा," एवढंच तो बोलला. कुठलं व्यसन, कधीपासूनचं, त्यापायी घरानं काय काय सोसलं, हे सांगितल्याशिवाय देवाला तरी कसं कळायचं? या वर्षी त्यांनी सगळं सांगायचं ठरवलं होतं.

भिकाजी त्यांचा थोरला. आगबोट लांब समुद्रात उभी राहायची आणि तिचे उतारू मांडवीच्या धक्क्याला आणायचे ते पडावातून. असा एक पडाव या घराचा. त्याचं सुकाणू बापाकडून भिकाजीच्या हाती आलं होतं. पण गेल्या पावसाळ्याआधी, हंगामाच्या शेवटच्या आगबोटीला, भिकाजीनं दारूच्या नशेत भरलेला पडाव धक्क्याला न लावता बाजूच्या वाळूत नेऊन बसवला. उतारू डोक्यावर ट्रंका घेऊन, कमरेएवढ्या पाण्यातून, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत किनाऱ्याला लागले. त्या दिवसापासून त्याचे म्हातारे वडील काशीराम तांडेल पुन्हा सुकाणूवर बसू लागले. आणि दिवाळीत भिकाजीची बायको मालन पोरीला घेऊन जयगडला माहेरी निघून गेली.

ती काल परत आली होती. पण परत आली असं म्हणवत नव्हतं. तिचा भाऊ भागोजी बरोबर होता आणि त्यानं बहिणीचं बोचकं घरात जाऊ दिलं नव्हतं. ते ओटीवर त्याच्या मांडीला लागून होतं.

"नारळावर हात ठेवून शपथ घ्यायची भावजींनी," भागोजी काशीरामांना सांगत होता. "पालखीसमोर. घेतली तर बोचकं आत. नाय घेतली तर आम्ही सकाळच्या मचव्यात बसून परत. मग सोडचिठ्ठीचं काय ते जातीचे पंच बघतील."

"घेईल की! न घेऊन सांगतो कोणाला?" सगुणाबाई आतूनच म्हणाल्या. "सगळी वाडी 'व्हय म्हाराजा' करील, मग कसा फिरतो बघू!"

सासू आणि सुनेचा भाऊ एका बाजूला, असं या घरात पहिल्यांदाच घडत होतं. काशीरामांनी मान डोलावली. त्यांच्या दातांत गवताची काडी होती. तंबाखू सोडल्यापासून ते दिवसभर काहीतरी चावत असत, आणि काडी संपली की माणसांना.

"आणि तो हाय कुठं?" त्यांनी विचारलं.

"मागं विहिरीवर," धाकटा दादू म्हणाला. तो मुंबईच्या गिरणीतून शिमग्याला आला होता आणि नवीकोरी पांढरी टोपी घालून सकाळपासून वाडीभर फिरत होता. "पिंप भरलं, तपेली भरली, आता माडांना पाणी सोडतोय. माणसांत यायला नको म्हणून."

तेवढ्यात दगडी गडग्याच्या पायऱ्या चढून गंगुबाई आल्या. डोक्यावर चिंचेची पाटी.

गंगुबाई काशीरामांची थोरली बहीण. तरुणपणीच कपाळ पांढरं झालं, तेव्हा त्या शिकल्या आणि मुलींच्या शाळेत बिगारीच्या वर्गाला अक्षरं गिरवायला शिकवत जन्म काढला. आता शेजारच्या आगरात एकट्या राहत. वैद्याकडे दुखणी यावीत तशी त्यांच्या पडवीत नवराबायकोंची भांडणं येत. कोणाचा नवरा बोटीवर हात गमावून आलेला, कोणाची बायको बाळंतपणानंतर बोलायचीच थांबलेली, कोणाचं पोर बहिरं आणि त्यावरून घर फाटलेलं. गंगुबाई औषध देत नसत, उपदेश तर त्याहून नाही. दोघांच्या मध्ये चिंचेची पाटी ठेवत आणि म्हणत, फोडा. टरफल काढा, चिंचोके वेगळे करा. पाटी अर्धी होईपर्यंत बहुतेकांना कंठ फुटे.

"वन्सं, आज चिंचा?" सगुणाबाई दारात आल्या. "शिमग्याच्या दिवशी?"

"पालखीला वेळ हाय," गंगुबाई पाटी उतरवत म्हणाल्या. "आणि हात रिकामे असले की माणसं बोटं दाखवतात. दादू, जा, भिकूला बोलाव. सांग, माड बुडाले."

*

भिकाजी पडवीत आला तो ओल्या पंच्यानिशी. मालन समोर बसली होती. दिवाळीनंतर तो तिला इतक्या जवळून आज पाहत होता. ती थोडी भरली होती. माहेरी तिला झोप लागत असावी. हे त्याला बरं वाटलं आणि मग त्याचीच लाज वाटली.

पाटी मध्ये होती. भागोजीही नाइलाजानं एक चिंच उचलून बसला. भिकाजी-मालनची पाच वर्षांची चिमा दादूच्या मांडीवर.

"सगुणा, आज देवाकडं काय मागणार हायस?" गंगुबाईंनी विचारलं.

"काय म्हणजे? मागच्या साली मागितलं तेच. पण ह्या वेळी नीट. मी मासे सोडलेत, तेसुद्धा सांगणार हाय. देवाला ठाऊक असू दे."

"बरं. काशीराम, तू काय सोडलंस?"

"तंबाखू," काशीराम काडी बाजूला थुंकून म्हणाले. "आक्का, तुला सांगतो, तेव्हापासून मला कोणावर ओरडायला कारण लागत नाय."

"ते वाडीला ठाऊक हाय. दादू?"

"चहा," दादू छाती काढून म्हणाला. "दादाची सुटेपर्यंत चहाला शिवणार नाय."

"मुंबईतसुद्धा?"

दादूनं एक चिंचोका फार काळजीपूर्वक वेगळा केला. "मुंबईचं पाणी बाधतं, आते. गिरणीत दमट हवा. तिथं जरा..."

"म्हणजे पितोस."

"तिथं पितो. पण घरी आलो की सोडलेला असतो!"

भागोजीला हसू आवरेना. आपण इथं कशाला आलोय हे आठवून त्यानं घाईघाईनं मिशीवर हात फिरवला.

"मालन?"

"सुरंगीची फुलं," ती खाली बघूनच म्हणाली. "वळेसर नाय माळत."

यातलं प्रत्येकाचं प्रत्येकाला ठाऊक होतं. पण असं एका पंगतीत, एकापाठोपाठ, कोणी उच्चारलं नव्हतं. भिकाजीची बोटं चिंचेत चिकटून बसली. आता संपलं असेल, असं वाटलं तेवढ्यात चिमा म्हणाली, "मीपण सोडलीय."

"तू काय सोडलंस गो?"

"कैरी. मीठ लावून खातात ती. बाबा बरा होईपर्यंत नाय खायची. आजी बोलली, लहान पोराचं देवाला लवकर ऐकू येतं."

मागीलदारच्या आंब्याला कैऱ्यांचे घोस लटकले होते. वाडीतली सगळी पोरं दिवसभर खाली उभी असत. भिकाजीनं सकाळी पाणी काढताना चिमाला तिथंच पाहिलं होतं, जरा लांब, हात मागं बांधून. त्याला वाटलं होतं, इतके दिवस आजोळी राहिलेली पोर, अजून बुजतेय.

सगुणाबाईंनी पदर उगाच नीट केला.

"भिकू," गंगुबाई म्हणाल्या, "शाळेत पोरीचं गणित चुकलं की मी पाटी पुसू द्यायची नाय. आधी सांग, केलंस कसं. तुझे पाय कुठल्या वेळेला गुत्त्याकडं वळतात?"

"बोलू?"

"तुझ्याशिवाय बाकी सगळे बोलून झाले."

त्यानं हातातली चिंच खाली ठेवली आणि मग पुन्हा उचलली. हातात काही असलं की बोलता येतं खरं.

"दिवेलागणीला. पानं वाढली की. कालवण असतं, सगळ्यांच्या पानात माशाची तुकडी. आयेच्या पानात कुळथाची पिठी. जेवून उठले की बाबा तंबाखूची रिकामी चंची चाचपतात. कोणी मला एक शब्द बोलत नाय. बोललात तर बरं. आये पिठी ओरपते ना, तो आवाज माझ्या कानात बसलाय. घास उतरत नाय. मग उठतो." तो थांबला. "गुत्ता काय चांगला नाय, आते. वास मारतो, माणसं शिव्या देतात. पण तिथं माझ्यासाठी कोणी काय सोडलेलं नसतं."

"म्हणजे?" सगुणाबाईंचा आवाज चढला. "मी मासे सोडले म्हणून तू पितोस?"

"नाय गो आये. पितो मी. ते तुझ्यावर नाय घालत. तू मासे खात होतीस तेव्हापण पीत होतोच." त्यानं पहिल्यांदा आईकडं सरळ पाहिलं. "पण तेव्हा घरी येऊन पोटभर जेवायचो."

चिंचोके तेवढे परातीत पडत राहिले. भागोजीनं ओळीनं तीन चिंचा फोडल्या, एकही नीट नाही.

"आणि गाऱ्हाणं घालतात तेव्हा रे?" गंगुबाईंनी विचारलं.

"तेव्हा मी खाली बघतो. सगळी वाडी 'व्हय म्हाराजा' करते. माझं तोंड मिटलेलं. ढोल पुढच्या घरी गेला की मी मागच्या गडग्यावरून उडी टाकतो." तो कसनुसा हसला. "माझी दारू सोडायला एवढी माणसं लागली, आते. मला कोणी बोलावलंच नाय."

सगुणाबाई उठल्या. "ते काय असंल ते असो. देवाला सोडलेलं माघारी घ्यायचं नसतं. कोप होतो. वन्सं, तुम्ही शिकलात, तुमचं वेगळं. माझ्यानं व्हायचं नाय."

"मी घे म्हणाले कुठं?" गंगुबाईंनी मान वर केली नाही. "मासे तू देवाला दिलेस, की भिकूच्या पानासमोर मांडलेस, ते तुझं तुलाच ठाऊक. माझ्याकडं त्याचं उत्तर नाय. असतं तर दिलं असतं."

सगुणाबाई आत गेल्या. स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात आपटलं.

*

मालन घागर घेऊन विहिरीवर आली, कारण पडवीत बसवत नव्हतं. पिंप काठोकाठ, तपेली काठोकाठ. रिकामी घागर घेऊन ती तशीच कठड्याला टेकली. मागून गंगुबाई आल्या आणि शेजारी टेकल्या.

"भाऊ माझा चांगला हाय, आते," मालन म्हणाली. "माझ्यासाठीच करतोय."

"चांगलाच हाय. नीट चिंच फोडता येत नाय, एवढंच."

मालनला हसू आलं. मग डोळे भरले. दोन्ही एकदमच.

"शपथ नको मला. लग्नानंतर त्यांनी माझ्यापुढं किती शपथा घेतल्या. शपथ घेतली की डोक्यावर भरली घागर घेतल्यासारखे चालतात. मग इकडं बघणं नाय, तिकडं बघणं नाय, बोलणं नाय. आणि फुटली की त्या खापऱ्यांतच बसून राहतात. मला त्या घागरीचाच कंटाळा आलाय."

"मग तुला काय हवं?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. माहेरी सगळे म्हणत, सोड त्याला. सासरी म्हणत, सांभाळ त्याला. मालननं रिकामी घागर खाली ठेवली.

"ते बोलायचे पूर्वी," ती म्हणाली. "आगबोटीवरचे उतारू कसे बोलतात, त्याची नक्कल करायचे. बंदरावर साहेबाची टोपी उडाली की तो कसा धावतो, ते धावून दाखवायचे. मी हसून हसून आडवी व्हायची. दारू पितात तो त्रास हायच. पण मुके झालेत, त्याचा जास्त. प्यायले तरी येऊन सांगावं, मी प्यायलो. मला त्यांना शोधायचं काम नको."

"आणि सुटलीच नाय तर?"

"तर जाईन," मालननं पटकन उत्तर दिलं, आणि आपण हे ठरवलेलंच होतं हे तिला बोलल्यावर कळलं. "पण माझ्या पायांनी जाईन. भावानं बोचकं मांडीखाली धरलंय म्हणून नाय. राहिले तरी तसंच."

"मग हे त्या दोघांना सांग."

"कोणा दोघांना?"

"एकानं बोचकं धरलंय, एकानं घागर."

मालन उठली. आंब्याखाली चिमा होती, आणि तिच्यासमोर भिकाजी उकिडवा बसला होता. त्याच्या हातात मीठ लावलेली कैरीची फोड होती.

"खा गो. मी सांगतो ना."

"तू बरा झालास?"

"नाय अजून. पण तुझ्या कैरीचा नि माझा काय संबंध नाय. माझं मी बघतो. तू कैरीचं बघ."

चिमानं आईकडं पाहिलं. मालननं मान हलवली. मग त्या पोरीनं जे तोंड केलं, एक डोळा बंद, नाक आवळलेलं, खांदे कानांपर्यंत, ते बघून भिकाजीनं हुबेहूब तसंच तोंड केलं. मालनच्या तोंडून हसू फुटलं तसं तिचं तिलाच नवल वाटलं.

तिथंच, कैऱ्यांखाली, ती त्याला सगळं बोलली. गंगुबाई तोवर निघून गेल्या होत्या.

*

ढोलांचा आवाज माडांमधून जवळ आला. वाडीतली माणसं अंगणात जमली. पालखी सारवलेल्या खळ्यात नाचवून, फेर धरून, खांद्यावरून उतरवली आणि पाटावर ठेवली. सगुणाबाईंनी ओटी भरली.

दुपारभर त्यांनी कोणाशी शब्द काढला नव्हता. पुरणपोळ्या लाटताना प्रश्न मात्र सुटत नव्हता. देवाला दिले, की भिकूसमोर मांडले? त्या आठवत राहिल्या. भिकू जेवायला नसला, बंदरावर असला, तर त्या पिठी ओरपत होत्या का? नव्हत्या. पाट भिंतीकडं वळवून गुपचूप कसंबसं उरकत. तो समोर असला की मात्र पान मधोमध, त्याला दिसेल असं. हे देवानं बघितलं असणारच. देवाला काय डोळे नाहीत?

"बोला वयनी," गुरवानं तांदूळ हातात घेतले. "मागच्या सालचंच ना?"

गर्दीला ठाऊक होतं काय येणार ते. काहीजणांनी 'व्हय म्हाराजा'साठी श्वाससुद्धा घेऊन ठेवला होता. भिकाजी खांबाशी उभा होता. त्यानं मान खाली घातली नव्हती, पण चेहरा गडग्याच्या चिऱ्यासारखा झाला होता. भागोजी नारळ घेऊन तयार.

"नाय," सगुणाबाई म्हणाल्या. "ह्या साली भिकाजीचं नाव घ्यायचं नाय."

"मग कोणाचं घालू गाऱ्हाणं?"

"माझं." त्या अडखळल्या. मग एकदम सुटल्या. "सांगा देवाला, बाये चुकली. लेकासाठी म्हणून मी मासे सोडले, पण ते मी त्याच्या उरावर ठेवले. ह्या घरात ज्यानं त्यानं त्याच्यापायी जे जे सोडलं, ते ज्याचं त्याला परत दे. नारळ घे आणि आम्हांला मोकळं कर."

गुरवाला असलं गाऱ्हाणं कोणी सांगितलं नव्हतं. पण पिढ्यान्पिढ्या गाऱ्हाणी घालणाऱ्या घरातला माणूस तो. गळा साफ करून त्यानं सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तांडेलाच्या घरानं तुझी ओटी भरली, ती मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या बायेनं मासे सोडले, म्हाताऱ्यानं तंबाखू सोडली..."

"चहा! चहा!" दादू मागून कुजबुजला.

"...धाकट्यानं चहा सोडला..."

"अर्धा!" गंगुबाई म्हणाल्या, आणि अंगणात खसखस पिकली.

"...जे काय सोडलं, ते अजाणतेपणी सोडलं. चुकलं माकलं पदरात घे, आणि ज्याचं त्याला परत कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ते इतक्या जोरात झालं की आंब्यावरचे कावळे उठले. शिव्या असोत की गाऱ्हाणं, वाडीला काही नवीन ऐकायला मिळालं की घसा आपोआप मोकळा होतो.

"आणि शपथ?" भागोजी नारळ घेऊन पुढं झाला. "ती राहिली!"

ढोलकरी थांबले. भिकाजी खांब सोडून पुढं आला.

"शपथ नाय घेणार, पावणे."

"म्हणजे पीत राहणार?"

"सोडायची हाय मला. पण शपथ मोडली की तोंड दाखवायला भीती वाटते, म्हणून घरी येत नाय. मग आणखी पितो. हे मी आज पहिल्यांदा बोलतोय, ते ऐका." त्याचा आवाज बारीक होता, पण अंगण शांत होतं. "आज नाय प्यायलो. प्यायचं नाय म्हणून बघणार हाय. प्यायलोच तर लपणार नाय. सरळ घरी येईन नि हिला सांगेन, प्यायलो म्हणून. सुटेपर्यंत सुकाणूला हात लावणार नाय, वल्ह्यावर बसेन. एवढंच माझ्याच्यानं होईल, आणि एवढं नक्की होईल."

"आणि एवढ्यावर माझ्या बहिणीनं राहायचं?"

"ते तिला विचारा," भिकाजी म्हणाला. "मी दुपारी विचारलं. मला बोलली, रात्री सांगते."

सगळ्यांच्या माना मालनकडं वळल्या. तिनं पदर सावरला. "भाऊ, तो नारळ देवाला दे. हात दुखत असतील."

गंगुबाईंनी तो भागोजीच्या हातून हळूच काढून घेतला आणि गुरवाकडं दिला.

भिकाजी पालखीशी गेला. ज्याचं तोंड वास मारतं त्याला खांदा देऊ देत नसत, म्हणून गेले शिमगे तो लांबच उभा राहिला होता. त्यानं दांड्याशी असलेल्या म्हाताऱ्या मानकऱ्यापुढं तोंड नेलं आणि मोठ्यानं श्वास सोडला. "चिंचेचा वास येतोय," मानकरी म्हणाला. "घे."

ढोल सुरू झाला. पालखी उचलली गेली. पलीकडच्या खांद्याला उंचीचा माणूस कमी पडत होता. दादूनं आजूबाजूला पाहिलं आणि भागोजीला दंडाला धरून ओढलं. "पावणे, तुम्ही! उंच हायत!"

"अरे, मी... बोचकं..."

"बोचकं कोण नेतोय!"

आणि मग पालखी नाचली. एका टोकाला मेहुणा, एका टोकाला भावजी. एक पुढं झुकला की दुसऱ्याला मागं रेलावं लागे, नाहीतर पालखी लवंडायची. भागोजीला आधी चाल जमेना. भिकाजी ओरडून सांगत होता, "डावा! डावा पाय! आता वाका!" पडावाच्या वल्हेकऱ्यांना सांगावं तसं. गुलालानं दोघांची तोंडं सारखीच झाली. काशीराम ओटीवरून ओरडत होते, आणि पुष्कळ दिवसांनी त्यांचं ओरडणं रागाचं नव्हतं. कुणीतरी त्यांच्या हातात भरलेली चंची ठेवली होती.

*

पालखी पुढच्या वाडीला गेली, उन्हं उतरली, आणि सगुणाबाईंनी चुलीवर सारंग्याचं कालवण ठेवलं. आज बायकांचीही पानं पंगतीतच मांडा, असं गंगुबाई म्हणाल्या आणि कोणी हरकत घेतली नाही. सगुणाबाईंनी स्वतःच्या हातानं स्वतःच्या पानात तुकडी वाढली. सगळे बघत होते. त्यांनी घास घेतला, चावला, आणि थांबल्या.

"ह्यात मीठ कुठं हाय?"

सगळ्यांनी माना पानात घातल्या.

"अवो, मी विचारते! आणि तिरफळं दोनदा पडलीत. असलं कालवण तुम्ही खाताय?"

"दोन वर्षं," काशीराम म्हणाले. "तू चाखत नव्हतीस. आणि तुझा असला कडक नवस, तुला सांगणार कोण?"

"आम्हांला वाटलं," दादू म्हणाला, "आमचंपण काहीतरी व्रत हाय."

आधी मालन हसली. मग भागोजीला ठसका लागला. सगुणाबाई रागावायचा प्रयत्न करत होत्या, पण तोंडात मासा असताना रागावता येत नाही. मिठाचं भांडं पंगतीत फिरलं. भिकाजीनं मुंबईहून आलेला एखादा उतारू पडावात बसूनच कोकणातलं जेवण कसं नावाजतो आणि पहिल्या घासाला त्याचं तोंड कसं होतं, ते करून दाखवलं. काशीराम पोट धरून म्हणाले, "बस कर रे, मी म्हातारा माणूस."

बाहेर काळोख पडू लागला. दादूनं कंदील लावला. आणि भिकाजी उठला.

हसू जिथल्या तिथं थांबलं. हीच ती वेळ. तो मोरीवर गेला, हात धुतले, चूळ भरली. सगुणाबाईंच्या ओठांवर 'कुठं चाललास' आलं होतं. त्यांनी गंगुबाईंकडं पाहिलं. गंगुबाई त्यांच्याकडं बघतच नव्हत्या, त्या माशाचा काटा काढत होत्या. सगुणाबाईंनी भाताचा मोठा घास तोंडात घातला आणि तो शब्द त्याच्याबरोबर गिळला.

भिकाजी दारात उभा राहिला. त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता.

"मला बसवत नाय," तो म्हणाला. "बंदरावर फेरी मारून येतो. वाटेत गुत्ता लागतो." त्यानं सगळ्यांकडं एकदा पाहिलं, मग एकीकडंच. "कोणी येतंय का बरोबर?"

या घरात त्यानं असं कधी विचारलं नव्हतं. मालननं पानातला शेवटचा घास संपवला. घाई केली नाही. हात धुतला, चिमाला आजीच्या मांडीवर सरकवलं, ओटीवर जाऊन बोचकं उचललं, आणि ते आत माजघरात, आपल्या पेटीवर नेऊन ठेवलं. मग ती उंबरा ओलांडून त्याच्या शेजारी उभी राहिली.

"चला. पण मी मागून नाय चालणार."

दोघं गडग्याच्या पायऱ्या उतरली. तिनं काहीतरी विचारलं, त्यानं काहीतरी उत्तर दिलं. शब्द ऐकू आले नाहीत, पण बोलणं थांबलं नाही, लांब जाईपर्यंत.

भागोजी हातातला घास तसाच धरून दाराकडं बघत होता.

"तांडेल, म्हणजे उद्या मचव्यानं मी एकटाच?"

"पावणे," काशीराम म्हणाले, "आधी भात घ्या."

भागोजीनं पान पुढं केलं.